नोंदींची दुसरी कणगी

कीड सर्वेक्षणाचे काम शिवारात होते, परंतु त्याचे फळ कार्यालयात पदरी पडते. कामगंध सापळ्यातील पतंग मोजणारा निरीक्षक, पाने उलटून तुडतुडे मोजणारा कृषी सहायक आणि प्रकाश सापळ्याची रोजची नोंद ठेवणारा प्रक्षेत्र कर्मचारी या सर्वांच्या श्रमाला अर्थ येतो तो त्यांचे आकडे एकत्र येऊन त्यांतून सल्ला निघतो तेव्हा. कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी ८ पतंग सापडले की आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे मानले जाते. तिसऱ्या रात्रीचा आकडा हाती येईपर्यंत पहिल्या दोन रात्रींचे आकडे जपलेले असावे लागतात. ते नसतील तर तिसरी रात्र पुन्हा पहिलीच ठरते, आणि तोवर अळी बोंडात शिरलेली असते.

हे आकडे बहुतेक संशोधन केंद्रांत, विद्यापीठांच्या विभागांत आणि कृषी विज्ञान केंद्रांत एखाद्या खोलीच्या कोपऱ्यात ठेवलेल्या फाइल सर्व्हरवर राहतात. त्याच यंत्रावर सर्वेक्षणाचे तक्ते असतात, किडींची छायाचित्रे असतात, मागील हंगामांचे अहवाल असतात आणि शेतकऱ्यांच्या संपर्काच्या याद्याही असतात. यंत्र सुरू असेपर्यंत त्याची आठवण कोणालाही होत नाही. ऑगस्टमधील एखादा सोमवार डोळ्यांसमोर आणावा. रविवारी रात्री विजांसह पाऊस झाला, वीजपुरवठा चार वेळा आला-गेला, आणि सकाळी सर्व्हर सुरूच होईना. तंत्रज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणाहून बुधवारी येणार. गेल्या आठवड्याचे आकडे आत अडकलेले, या आठवड्याचे आकडे भरायला जागा नाही, आणि शेतकरी दूरध्वनीवर विचारतो आहे की फवारणी करावी की थांबावे. कार्यालयाकडे त्याला देण्यासाठी आकडा उरलेला नसतो. उरतो तो अंदाज. अंदाजावर दिलेला सल्ला एक तर अनावश्यक फवारणीचा खर्च वाढवितो, नाही तर आवश्यक फवारणीची वेळ दवडतो.

पूर्वी हेच आकडे कागदी वह्यांत असत. वह्यांना कसर लागे, वाळवी लागे, गळक्या छपराखाली त्या भिजत. पण एका रात्रीत सर्व वह्या नष्ट होणे ही विरळ गोष्ट होती. संगणकाने नोंदी शोधणे आणि जोडणे सोपे केले, आणि त्याबरोबरच पंचवीस वर्षांचे काम तळहाताएवढ्या एका तबकडीत आणून ठेवले. शेतकऱ्याचे घरचे बियाणे कधीच एका कणगीत नसे. थोडे माळ्यावर, थोडे राखेत घोळून मडक्यात, थोडे भावाकडे अशी त्याची वाटणी असे. ही रीत कार्यालयाने नोंदींच्या बाबतीत अंगीकारायला हवी. मात्र ती अंगीकारताना एक चूक सर्रास घडते, आणि ती दाखवून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

दोन प्रश्न, दोन उत्तरे

चूक अशी की, ‘सर्व्हर बंद पडू नये’ आणि ‘नोंदी हरवू नयेत’ या दोन गरजा एकच मानल्या जातात. वस्तुतः दोन्हींसाठी कार्यालयाने स्वतःला वेगवेगळे प्रश्न विचारले पाहिजेत. पहिला प्रश्न असा: सर्व्हर बंद पडला तर तो किती वेळ बंद राहिलेला चालेल? दुसरा प्रश्न: बिघाड झाला तर शेवटच्या किती वेळातील काम पुन्हा करावे लागलेले चालेल? पहिल्याचे उत्तर हंगामावर अवलंबून असते. एप्रिलमध्ये सर्व्हर आठवडाभर बंद राहिला तरी फारसे बिघडत नाही. बोंडअळीच्या किंवा भातावरील तपकिरी तुडतुड्यांच्या ऐन उद्रेकात दोन दिवसही जड जातात. दुसऱ्या प्रश्नाला मात्र हंगाम नसतो. सापळ्यातील पतंगांची संख्या त्या रात्रीपुरतीच खरी असते. ती नोंद गेली की कोणताही पैसा, कोणतेही मनुष्यबळ ती परत आणू शकत नाही.

पहिल्या प्रश्नावरील उपाय म्हणजे पर्यायी सर्व्हरची व्यवस्था, जिला तंत्रज्ञ ‘फेलओव्हर’ म्हणतात. तिचे तत्त्व साधे आहे. दोन यंत्रे जोडीने उभी असतात. मुख्य यंत्र काम करते, दुसरे तयारीत राहते. दोघांमध्ये दर काही सेकंदांनी ‘मी सुरू आहे’ असा संकेत जात-येत असतो, हृदयाच्या ठोक्यासारखा. ठरावीक संख्येने ठोके चुकले की दुसरे यंत्र मुख्य यंत्राचा पत्ता स्वतःकडे घेते आणि काम पुढे चालू ठेवते. कर्मचाऱ्याच्या दृष्टीने सामायिक फोल्डरचे नाव तेच राहते; फार तर उघडलेली संचिका पुन्हा उघडावी लागते.

या व्यवस्थेचा लाभ आकड्यांत मांडता येतो. एखादे यंत्र ९९ टक्के वेळ उपलब्ध असते असे म्हटले की ते ऐकायला समाधानकारक वाटते. पण वर्षातील १ टक्का म्हणजे सुमारे ३ दिवस १६ तास. हे साडेतीन दिवस नेमके पावसाळ्यात येण्याचा संभव अधिक, कारण वीजपुरवठ्यातील चढ-उतार, विजेचे धक्के आणि दमट हवा हे तिन्ही शत्रू त्याच काळात एकत्र येतात. असेच दुसरे यंत्र जोडीला असले, आणि दोन्हींचे बिघाड एकमेकांशी अजिबात संबंधित नसले, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याचा काळ गणिताने वर्षाला एका तासाहून कमी भरतो. या वाक्यातील ‘अजिबात संबंधित नसले तर’ ही अट सर्वांत महत्त्वाची आहे. दोन्ही यंत्रे एकाच खोलीत, एकाच विजेच्या फळीवर, एकाच अर्थिंगवर आणि एकाच नेटवर्क स्विचला जोडलेली असतील तर ती कागदावर दोन असतात. संकटाच्या दृष्टीने ती एकच असतात.

आणखी एक धोका जाणून घेण्यासारखा आहे. दोन यंत्रांमधील जोडणी तुटली, पण दोन्ही यंत्रे धडधाकट असली, तर प्रत्येकाला वाटते की दुसरे बंद पडले. मग दोघेही स्वतःला मुख्य समजून नोंदी स्वीकारू लागतात, आणि एकाच तक्त्याच्या दोन विसंगत आवृत्त्या तयार होतात. यासाठी तिसरा साक्षीदार नेमण्याची पद्धत आहे. तो लहानसा संगणकही असू शकतो. ज्याला साक्षीदाराचे मत मिळते तोच काम करतो. दुसरा स्वतःहून थांबतो. दोन यंत्रे विकत घेऊन साक्षीदार न नेमणे म्हणजे दोन कारभारी ठेवून निवाड्यासाठी पंच न ठेवण्यासारखे आहे.

प्रतिकृतीची मर्यादा

पर्यायी यंत्र उपयोगी पडायचे तर त्याच्याकडे मुख्य यंत्रावरील नोंदी अद्ययावत असल्या पाहिजेत. त्यासाठी नोंदींची सतत प्रतिकृती केली जाते. तिचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात प्रत्येक नोंद दोन्ही यंत्रांवर लिहिली गेल्याखेरीज ‘जतन झाली’ असा निरोप येत नाही; यात काहीही हरवत नाही, पण दोन्ही यंत्रे जवळ आणि वेगवान जोडणीने बांधलेली असावी लागतात. दुसऱ्यात नोंद आधी मुख्य यंत्रावर होते आणि थोड्या वेळाने दुसरीकडे पोहोचते. यात अंतर कितीही चालते, मात्र बिघाडाच्या क्षणी वाटेत असलेल्या नोंदी बुडतात. ग्रामीण भागातील इंटरनेट जोडणी लक्षात घेता दूरच्या प्रतिकृतीसाठी दुसरा प्रकारच व्यवहार्य ठरतो. तो निवडताना किती मिनिटांचे वा तासांचे काम पुन्हा करण्याची तयारी आहे, हे आधीच ठरवून लिहून ठेवावे.

कार्यालयांत प्रचलित असलेल्या साधनांच्या खोडीही माहीत असाव्यात. विंडोज सर्व्हरवरील ‘डीएफएस रेप्लिकेशन’ ही सोय संचिका बंद झाल्यावरच तिची प्रत दुसरीकडे पाठविते. सर्वेक्षणाचा तक्ता सकाळी उघडून सायंकाळपर्यंत उघडाच ठेवण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. अशा तक्त्याचे दिवसभराचे काम दुसऱ्या यंत्रावर सायंकाळपर्यंत पोहोचलेलेच नसते. तसेच एकच तक्ता दोन ठिकाणी दोघांनी एकाच वेळी बदलला तर नंतर झालेला बदल टिकतो आणि आधीचा बाजूला सारला जातो. एका तालुक्याची नोंद गुपचूप नाहीशी होण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. प्रत्येक तालुक्यासाठी स्वतंत्र संचिका, आणि काम संपताच ती बंद करण्याची शिस्त, एवढ्यानेही हा धोका पुष्कळ घटतो. त्यासाठी एक रुपयाही लागत नाही.

परंतु प्रतिकृतीची खरी मर्यादा याहून खोल आहे. प्रतिकृती इमानदार असते. चुकीचीही ती तितक्याच इमानाने प्रत करते. मुख्य यंत्रावर एखाद्याने चुकून २०१९ चे फोल्डर पुसले, तर काही क्षणांत ते दुसऱ्या यंत्रावरूनही पुसले जाते. खंडणीखोर संगणक-विषाणूने मुख्य यंत्रावरील संचिका कुलूपबंद केल्या, तर कुलूपबंद संचिकांचीच प्रत पलीकडे जाते. एकाच यंत्रात दोन तबकड्या समांतर चालविण्याच्या पद्धतीलाही हेच लागू आहे. कीटकशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे चित्र अनोळखी नाही. एकाच जनुकावर विसंबलेला वाण शेकडो एकरांवर लावला तर रोपे लाखो असतात, पण किडीच्या दृष्टीने ती सर्व मिळून एकच रोप असते. ज्या किडीने एकाचा प्रतिकार मोडला तिने सर्वांचा मोडला. समान आणि एकमेकांशी अखंड जोडलेल्या प्रतींची संख्या वाढविल्याने सुरक्षितता वाढत नाही.

म्हणून प्रतिकृतीच्या जोडीला बॅकअप लागतो. बॅकअप म्हणजे विशिष्ट दिवशीची, पुढील बदलांपासून तोडलेली प्रत. सोमवारची, मंगळवारची, मागील महिन्याची, मागील हंगामाची अशा प्रती वेगवेगळ्या राहिल्या तरच चूक लक्षात आल्यावर चुकीच्या आधीच्या दिवशी परत जाता येते. त्यांतील किमान एक प्रत यंत्राला आणि नेटवर्कला जोडलेली नसावी. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला, तेव्हा रुग्णांच्या नोंदणीचे काम कित्येक दिवस हाताने, कागदावर करावे लागले. मोठ्या संस्थेकडे हाताने काम ओढून नेण्याइतके मनुष्यबळ असते. तीन कर्मचाऱ्यांच्या केंद्राकडे ते नसते.

बॅकअप घेणारी व्यवस्थाही चुकू शकते. डिसेंबर २०२१ मध्ये जपानच्या क्योतो विद्यापीठातील महासंगणकाच्या साठ्यातून संशोधनाच्या सुमारे ७७ टेराबाइट संचिका पुसल्या गेल्या. कारण होते बॅकअपच्याच आज्ञावलीत केलेला सदोष बदल. त्यांतील काही भाग कायमचा गेला. बॅकअपची प्रत एकच असेल आणि तिला हात लावणारी आज्ञावलीही एकच असेल, तर राखणदारच शेत खाऊ शकतो, हा त्या प्रसंगाचा धडा आहे.

दुसरी जागा म्हणजे खरोखर दुसरी

प्रती किती, यापेक्षा त्या कोठे आहेत हा प्रश्न मोठा आहे. २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री रिओ दि जानेरो येथील ब्राझीलच्या राष्ट्रीय संग्रहालयाला आग लागली. तेथील कीटकसंग्रह जगातील मोठ्या संग्रहांपैकी एक होता. सुमारे ५० लाख नमुने त्या आगीत नष्ट झाले. वाळवून टाचणीला टोचलेला मूळ नमुना दोन ठिकाणी ठेवता येत नाही; तो एकमेव असतो. पण त्या नमुन्याची नोंद, छायाचित्र आणि लेबलवरील मजकूर कितीही ठिकाणी ठेवता येतो. ज्या गोष्टीची प्रत होऊ शकते तिची प्रत न करणे याला दुर्दैव म्हणता येत नाही.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील डेजॉन शहरातील सरकारी माहिती केंद्राला लिथियम बॅटरीमुळे आग लागली. शेकडो शासकीय सेवा ठप्प झाल्या. त्यांतील बऱ्याच टप्प्याटप्प्याने पूर्ववत झाल्या. परंतु शासकीय कर्मचाऱ्यांच्या दैनंदिन कामाच्या संचिका जेथे साठविल्या जात, त्या ‘जी-ड्राइव्ह’ नावाच्या व्यवस्थेतील सुमारे ८५८ टेराबाइट माहिती जळून गेली. साठा फार मोठा असल्याने त्याची बाहेर वेगळी प्रत ठेवली गेली नव्हती, असे कारण देण्यात आले. तंत्रज्ञानात अग्रेसर असलेल्या देशात हे घडले. त्यामुळे ‘आता सर्व काही क्लाउडवर आहे, काळजी नको’ हा कार्यालयांतून हमखास ऐकू येणारा युक्तिवाद तपासून पाहणे आवश्यक ठरते. क्लाउड म्हणजे शेवटी कोणाच्या तरी इमारतीतील सर्व्हरच असतो. खात्याचा परवलीचा शब्द चोरीला गेला, खाते निवृत्त अधिकाऱ्याच्या नावावर राहिले किंवा समक्रमणात फोल्डर पुसले गेले, तर क्लाउडवरील प्रतही हातची जाते. क्लाउड ही एक चांगली दुसरी जागा आहे. ती एकमेव जागा असता कामा नये.

भारतीय कृषी संशोधन व्यवस्थेने या दिशेने एक अनुकरणीय पाऊल टाकलेले आहे. नवी दिल्लीतील भारतीय कृषी सांख्यिकी संशोधन संस्थेत भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे मुख्य माहिती केंद्र आहे. ऑगस्ट २०२० मध्ये हैदराबाद येथील राष्ट्रीय कृषी संशोधन व्यवस्थापन अकादमीत ‘कृषी मेघ’ हे त्याचे जोडकेंद्र सुरू झाले. दिल्लीतील माहिती हैदराबादेत प्रतिकृत होते. हैदराबादची निवड करताना भूकंपाचा विचार झाला होता: प्रचलित वर्गीकरणानुसार दिल्ली चौथ्या भूकंपप्रवण क्षेत्रात, तर हैदराबाद दुसऱ्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात मोडत होते. एका संकटाने दोन्ही प्रती एकाच वेळी जाऊ नयेत, हा विचार त्यामागे आहे. मात्र केंद्रीय व्यवस्था सुसज्ज असली तरी तिच्यापर्यंत पोहोचलेल्याच नोंदी तेथे सुरक्षित राहतात. शेतातून आलेला आकडा केंद्राच्या सर्व्हरवर तीन महिने पडून राहिला, तर त्या तीन महिन्यांसाठी त्याच्यामागे हैदराबाद उभे नसते. देशात सातशेहून अधिक कृषी विज्ञान केंद्रे आहेत. धोक्याची खरी जागा त्यांच्या आणि प्रक्षेत्रांच्या त्या लहान खोल्यांत आहे.

बियाण्यांच्या जगाने हा धडा आधीच गिरविला आहे. कोरडवाहू क्षेत्रातील शेतीवर संशोधन करणाऱ्या ‘इकार्डा’ या आंतरराष्ट्रीय संस्थेची जनुकपेढी सीरियातील अलेप्पोजवळ होती. संस्थेने आपल्या बियाण्यांच्या दुसऱ्या प्रती २००८ मध्ये उघडलेल्या नॉर्वेच्या स्वालबार येथील बीजकोठारात पाठविण्यास सुरुवात केली होती. यादवी युद्धामुळे अलेप्पोची पेढी चालविणे अशक्य झाले, तेव्हा २०१५ मध्ये त्या कोठारातून पहिल्यांदाच बियाणे परत मागविण्यात आले. लेबनॉन आणि मोरोक्कोत ते पेरून वाढविण्यात आले आणि २०१७ पासून नव्या बियाण्याच्या प्रती पुन्हा स्वालबारला जाऊ लागल्या. गहू, जव, मसूर आणि हरभऱ्याचा तो वारसा वाचला, याचे कारण दुसरी कणगी युद्धाच्या टापूबाहेर होती आणि ती युद्धापूर्वीच भरली जाऊ लागली होती.

उगवणक्षमता तपासल्याखेरीज पेरणी नाही

प्रती ठेवल्या, दूर ठेवल्या, तरी एक पायरी उरतेच. सोयाबीनचे घरचे बियाणे पेरण्यापूर्वी जाणता शेतकरी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि किती उगवले ते मोजतो. ७० उगवले तर तो शिफारशीप्रमाणे पेरतो. कमी उगवले तर बियाण्याचे प्रमाण वाढवितो किंवा बियाणे बदलतो. पोते भरलेले आहे एवढ्यावर तो विसंबत नाही. बॅकअपच्या बाबतीत मात्र बहुतेक कार्यालये पोत्याकडे बघूनच समाधान मानतात. ‘बॅकअप यशस्वी’ असा संदेश पडद्यावर उमटतो आणि विषय संपतो. ती तबकडी प्रत्यक्षात वाचली जाते का, तीतून तक्ता उघडतो का, त्यातील शेवटची नोंद कोणत्या दिवसाची आहे, हे कोणी पाहत नाही. परत मिळविण्याची चाचणी न झालेला बॅकअप हा उगवण न तपासलेल्या बियाण्यासारखाच असतो. पेरणीच्या दिवशी त्याची परीक्षा घेणे परवडत नाही.

यासाठी दिवस ठरवून घेणे उत्तम. रोहिणी नक्षत्र लागण्याच्या सुमारास, म्हणजे मे महिन्याच्या उत्तरार्धात, अवजारांची डागडुजी होते, सापळे आणि ल्यूर मागविले जातात. त्याच आठवड्यात सर्व्हरचीही परीक्षा घ्यावी. मुख्य सर्व्हर जाणीवपूर्वक बंद करावा आणि दुसऱ्या यंत्रावर काम सुरू होते का, किती वेळात होते, हे घड्याळ लावून पाहावे. बॅकअपमधील मागील हंगामाचा एक तक्ता, एक छायाचित्र आणि एक अहवाल वेगळ्या संगणकावर उघडून पाहावा. जे घडले ते दिनांकासह लिहून ठेवावे. अर्ध्या दिवसाचे हे काम आहे. ऑगस्टमधील त्या सोमवारी होणारा गोंधळ मे महिन्यातील अर्ध्या दिवसात बहुतांशी टाळता येतो.

क्रम कोणता असावा?

मर्यादित निधी असलेल्या केंद्रांनी या सर्व गोष्टी एकदम कराव्यात, असा आग्रह धरणे अन्यायाचे होईल. म्हणूनच क्रमाला महत्त्व आहे, आणि आज प्रत्यक्षात दिसणारा क्रम उलटा आहे. निधी आला की दुसरा सर्व्हर खरेदी होतो, कारण तो साठा-नोंदवहीत दिसतो आणि तपासणीच्या वेळी दाखविता येतो. बाहेर ठेवायची प्रत, तिची चाचणी आणि तिची जबाबदारी या गोष्टी दिसत नाहीत. म्हणून त्या मागे पडतात.

लहान केंद्राने पहिला खर्च बॅकअपवर करावा. प्रत्येक महत्त्वाच्या नोंदीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांतील एक दुसऱ्या गावी, हा जगभर रूढ झालेला साधा नियम त्यासाठी पुरेसा आहे. दोन बाह्य तबकड्या आलटून-पालटून वापरल्या, त्यांतील एक दर आठवड्याला शेजारच्या तालुक्यातील केंद्रात कुलूपबंद कपाटात गेली आणि त्या केंद्राची इकडे आली, तर दोन केंद्रे फारशा खर्चाविना परस्परांची स्वालबार होऊ शकतात. या नोंदींत शेतकऱ्यांची नावे आणि संपर्क असल्याने तबकडी सांकेतिक कुलपाने बंद केलेली असावी, आणि त्या कुलपाचा शब्द किमान दोन जबाबदार व्यक्तींकडे असावा. दुसरा खर्च वीजपुरवठ्यावर करावा: चांगले अर्थिंग, वीजरोधक आणि सर्व्हर रीतसर बंद होईपर्यंत टिकणारा यूपीएस. वीज अचानक जाऊन तबकड्या बिघडण्याचे प्रकार यामुळे पुष्कळ कमी होतात. तिसऱ्या टप्प्यावर दूरची प्रतिकृती यावी. पर्यायी सर्व्हरची आपोआप चालणारी व्यवस्था चौथ्या टप्प्यावर, आणि तीही जेथे हंगामात रोज सल्ला प्रसृत होतो अशा केंद्रांपुरती असावी. जिल्हा किंवा विभाग पातळीवर जेथे अनेक तालुक्यांचे आकडे जमा होतात, तेथे मात्र ही व्यवस्था चैनीची मानता येणार नाही.

सर्वांत शेवटी, आणि खरे तर सर्वांत आधी, जबाबदारीचा प्रश्न येतो. बहुतेक केंद्रांत संगणकाची जाण असलेला एखादा कर्मचारी स्वखुशीने हे काम पाहतो. त्याची बदली झाली की परवलीचे शब्द, बॅकअपची वेळ आणि तबकड्यांची जागा हे सारे त्याच्याबरोबर जाते. कार्यालयीन आदेशाने एक जबाबदार आणि एक पर्यायी व्यक्ती नेमली पाहिजे. यंत्राच्या जोडीइतकीच माणसांची जोडी आवश्यक आहे. सर्व्हर बंद पडल्यास कोणी काय करायचे, याचे एक पान छापून सर्व्हरच्या खोलीबाहेरील भिंतीवर लावावे. ते पान सर्व्हरवरच्या फोल्डरात ठेवून उपयोग नाही. आणि कागदी तक्त्यांचे एक पुडके कायम हाताशी असावे, म्हणजे यंत्र बंद असतानाही सापळ्याची त्या रात्रीची मोजणी चुकणार नाही.

हा विषय केवळ संस्थांपुरता नाही. अनेक शेतकरी उत्पादक कंपन्या आणि प्रगतिशील शेतकरी आज आपली खरेदी-विक्री, फवारणी आणि माती परीक्षणाच्या नोंदी एका भ्रमणध्वनीवर किंवा एका लॅपटॉपवर ठेवतात. निर्यातीसाठी द्राक्ष किंवा डाळिंब पाठविणाऱ्याला फवारणीची नोंद दाखवावी लागते. हंगामाच्या अखेरीस ती हरवली तर माल चांगला असूनही तो सिद्ध करता येत नाही. त्यांच्यासाठीही तीन प्रतींचा नियम तोच आहे.

दीर्घकाळ जपलेल्या नोंदींचे मोल कीटकशास्त्राइतके क्वचितच दुसऱ्या शास्त्राने अनुभवले असेल. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे १९६४ पासून हवेतील कीटक शोषून घेणारे सापळे चालविले जात आहेत. मावा केव्हा उडेल याचा अंदाज आणि हवामानबदलाचा कीटकांवरील परिणाम अशा दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्या नोंदींतून मिळू शकली. सापळे लावणाऱ्या पिढीपुढे त्यांपैकी दुसरा प्रश्न उभाही नव्हता. महाराष्ट्रात २००८ च्या खरिपात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाल्यानंतर ‘क्रॉपसॅप’ हा कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू झाला. २०१८ मध्ये कर्नाटकात मक्यावर अमेरिकन लष्करी अळी प्रथम आढळली आणि पाहता पाहता देशभर पसरली. पुढची कीड कोणती असेल हे आज कोणालाच सांगता येणार नाही. ती येईल तेव्हा तिच्याआधी शिवारात काय होते, हे सांगणाऱ्या नोंदी मात्र हाताशी असल्या पाहिजेत. त्या नोंदी आजच्या निरीक्षकाने उन्हापावसात फिरून गोळा केल्या आहेत. येत्या रोहिणीपूर्वी त्यांची दुसरी कणगी भरणे आणि ती उघडून पाहणे, एवढे तरी त्याच्या श्रमांसाठी व्हायला हवे.